कर्ण्या, बापूजींना सांग

मित्रांनो, मी आष्टीच्या शाळेतला एक जुना पत्र्याचा कर्णा. जालन्याच्या कचरू कारागिराने मला रॉकेलच्या डब्यातून कापून काढलं. आज गंजलो आहे, पण तोरा गेलेला नाही. माझ्या बारीक तोंडाशी बोललं की रुंद तोंडातून अख्ख्या मैदानाला ऐकू जातं.

मला गावात आणलं राधेश्यामने. त्याचं कापडाचं दुकान होतं. आजोबा राजस्थानातून आलेले, पण हा हुतूतूमध्ये असा तरबेज की त्याची चढाई आली की परतूरचे गडी आधी आपले पाय सांभाळत. स्वतः खेळत नसला की तो माझ्यातून गुण पुकारायचा. शाळेच्या नाटकाला कपडा त्याच्याच दुकानातून फुकट यायचा, आणि पडदा उघडण्याची वर्दी मी द्यायचो. सामने, नाटकं, झेंडावंदन, सगळं बाजारामागच्या एका मोकळ्या जागेवर चालायचं. ती जागा राधेश्यामच्या वडिलांची, शिवनारायण शेठची होती.

१९५९ साली शेठने तिथे कापसाचं गोदाम बांधायचं ठरवलं. पंचायतीने सभा बोलावली. शेठ पुढेच बसले होते. हुतूतूच्या संघाचा म्होरक्या मच्छिंद्र उठून म्हणाला, "जागा त्यांची हाय, आपुन काय बोलावं? बाहेरून आलेली माणसं. गावाच्या खेळाचं त्यांना काय?"

राधेश्यामने मान खाली घातली. वडिलांना उलट बोलायची त्याची छाती नव्हती.

तेव्हा पंचायतीत बायकांसाठी ठेवलेल्या जागेवर राधेश्यामची बायको प्रेमबाई होती. ती कधी बोलणार नाही, या खात्रीनेच गावाने तिला निवडलं होतं. त्यांच्या मारवाडी घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. अगदीच अडलं तर भिंतीला नाहीतर दाराला सांगायची, आणि सासऱ्याने ते ऐकायचं. सभेत भिंत कुठली? सभा पुकारायला आणलेला मी तिथेच पडलो होतो. प्रेमबाईने मला उचललं. माझं बारीक तोंड तिच्या घुंघटात गेलं.

"कर्ण्या," ती म्हणाली, "बापूजींना सांग, तीन पिढ्या झाल्या, तरी गाव आपल्याला बाहेरचं म्हणतच ऱ्हायलं. हितं गोदाम झालं तर लेकरं म्हणतील, मारवाड्याचं गोदाम. मैदान ऱ्हायलं तर म्हणतील, आमचं मैदान."

शेठसुद्धा माझ्याकडेच बघत म्हणाले, "कर्ण्या, तिला विचार, मंग कापूस काय डोक्यावर ठेवू?"

"कर्ण्या, बापूजींना सांग, मळ्याच्या वाटेला आपली जागा पडून हाय. गाड्याबी तिथं बराबर लागतील."

लोक हसले. मीही मनात हसलो. दोन शहाणी माणसं एका डब्याशी बोलत होती.

शेठ हसले नाहीत. ते सावकाश उठले, प्रेमबाईच्या पुढ्यात आले आणि मला हाताने बाजूला सारलं.

"पत्र्याला मधी कशाला घालती, सूनबाई? मी हितंच हाय. बोल."

घुंघट तसाच होता. पण प्रेमबाई माझ्याशिवाय बोलली, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. शेठने गोदाम मळ्याच्या वाटेला न्यायचं कबूल केलं. मैदान राहिलं. मच्छिंद्रने तिथल्या तिथे हात जोडले, "शेठजी, माझं बोलणं बिलकुल चुकलं," म्हणाला.

त्या दिवसानंतर प्रेमबाईने मला कधी हातात घेतलं नाही. महिला मंडळात, सभेत, नाटकाच्या तालमीत ती सरळ बोलायची. पुढे विजेचे कर्णे आले आणि मी फळीवर गेलो. खरं सांगतो, विजेच्या कर्ण्यांचा मला राग आला. प्रेमबाईने मला सोडलं त्याचा मात्र आजही अभिमान वाटतो.

मित्रांनो, जमलं तर माझा गंज पुसा. नाही जमलं तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणी भिंतीकडे पाहून बोलत असेल, तर जवळ जा, समोर बसा आणि म्हणा, "बोल."