वाराची कॅप्सूल

यज्ञेशने डबी कानाशी नेऊन हलवली. एव्हाना रिकामी व्हायला हवी होती. ती भरल्या पोटी वाजली.

"कमळमावशी, अर्ध्या कॅप्सूल तशाच आहेत."

"मग? महाग आहेत म्हनून जपून ठेवल्यात."

कमळ माहुलची. वाकोल्याच्या बाजारात मासे विकायची आणि कॅन्सरचं औषध समोरच्या यज्ञेशच्या दुकानातून न्यायची. आज तिने नवी चिठ्ठी आणली होती. गाठ वाढली, औषध लागू पडत नाही, म्हणून डॉक्टरांनी आणखी जहाल औषध लिहिलं होतं. डबीत बसलेलं औषध लागू कसं पडणार, हा प्रश्न एवढ्या मोठ्या इस्पितळात कुणाला पडला नव्हता.

यज्ञेशचं डोकं फिरलं.

"वार पाळतेस ना? कॅप्सूलचं कवच जनावरांच्या हाडांचं, वशाट, म्हणून सोमवार, गुरुवार, शनिवार औषधाला सुट्टी. देव आला होता का चिठ्ठी लिहायला? जीव जाईल तुझा, तेव्हा वार बघून जाणार आहे का?"

खोकल्याच्या औषधाला आलेली गिऱ्हाइकं खोकायची थांबली. कमळने प्रवचन पुरतं होऊ दिलं.

"झालं? आवाज चढवू नको, मी बाजारात बसते. वारालाच घेते मी. त्या दिवशी धंदा नसतो. बाकी दिवशी घेतली की मासळीच्या वासानं भडभडून येतं. पाटीपुढं ओकनाऱ्या कोळनीकडून तू घेशील मासे?"

यज्ञेश पिढीजात शाकाहारी. तरी मुद्दा त्याला पटला.

"डॉक्टरांना सांगितलंस हे?"

"त्यांनी इचारलं, घेता ना? घेते, बोलले. खोटं बोलले का?"

त्याने इस्पितळात फोन लावला. फोन इकडून तिकडे फिरवणाऱ्या प्रत्येकाला त्याने तोच आवाज ऐकवला, जो कमळला ऐकवला होता. शेवटी डॉक्टर मिळाले आणि सगळं ऐकून त्यांनी कमळचे कागद मागवले. मग म्हणाले, नवं औषध थांबवा. जुनंच, पण रोज. रात्री, बाजार उठल्यावर. त्याआधी उलटीची गोळी.

बुधवारी सकाळी दुकान उघडं टाकून यज्ञेश बाजारात शिरला. नाकाला रुमाल होता.

"काल घेतलीस?"

कमळने एक पापलेट उचललं, कल्ला उघडून स्वतःच्या नाकाशी नेलं आणि त्याच्याकडे बघत सावकाश श्वास घेतला. मग तेच त्याच्यापुढे धरलं.

"ताजं हाय. भवानी कर."

यज्ञेशने रुमाल खिशात ठेवला.

"साफ करून दे," तो म्हणाला.