क्रुनियाचा कागद

क्रुनियाचा मुलगा रांको कागद तयार करूनच आला होता. आईचं डोकं ठिकाणावर नाही, तिला कायमचं वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं, असं त्यावर लिहिलं होतं. खाली फक्त मानसशास्त्रज्ञाची, म्हणजे माझी, सही हवी होती. कारण काय, तर बाप जाऊन तीन महिने झाले तरी आई रोज सकाळी दोन कप कॉफी ओतते आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीशी तासभर बोलते.

"सही करून टाका, रादिन्का," आमचे प्रमुख डॉक्टर वुकादिन म्हणाले. "उघड गोष्ट आहे."

उघड म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी नऊ वर्षांची असताना माझ्या आईलाही असाच कागद करून नेलं होतं. सही करणाऱ्याने तिला एक प्रश्नही विचारला नव्हता. ती तिथेच वारली. पुढे मी मोज्यांच्या कारखान्यात आठ वर्षं यंत्र चालवलं, त्या कमाईवर शिकले, आणि या खुर्चीत बसले तेव्हा स्वतःपुरता एक नियम केला: माणूस जिथे बोलतं तिथे जाऊन ऐकल्याशिवाय पेन उचलायचं नाही. वुकादिन याला हट्टीपणा म्हणतात. म्हणोत बापडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्रुनियाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कॉफी ओतली आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून सुरू झाली. माझी बहीण मरणाला टेकली होती तेव्हा मला जाऊ दिलं नाहीस. पुतणीच्या लग्नात सगळ्यांदेखत माझ्या गाण्याला हसलास, त्यानंतर मी कधी गायले नाही. एकेक गोष्ट, तारीखवार. कुठे घोटाळा नाही, कुठे विसर नाही.

"तो उत्तर देतो का?" मी विचारलं. तिला आवाज ऐकू येत असते तर गोष्ट वेगळी होती.

क्रुनिया हसली. "जिवंतपणी देत नव्हता, पोरी, आता कुठून देणार? पण निदान मध्येच उठून तरी जात नाही."

मी कागद सही न करताच परत नेला. मेलेल्याशी बोलणारी बाई शहाणी कशी, म्हणून वुकादिन चिडले.

"गेल्या शनिवारी, मृतांच्या दिवशी, तुम्ही वडिलांच्या थडग्यावर कॉफी ओतलीत, सिगारेट पेटवून दगडावर ठेवलीत, आणि नातू झाल्याचं त्यांना सांगितलंत. मी शेजारच्याच थडग्यापाशी होते. तुमचाही कागद करू?"

"ते कबरस्तानात. तिथे सगळेच करतात."

"कबरस्तानात सगळेच ऐकतातही. तिला जे सांगायचंय ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही."

मग मी अहवाल लिहिला. बाई पूर्ण शुद्धीवर आहे. ती रागावली आहे, आणि तिला तो हक्क आहे. खाली ठसठशीत सही केली. वरून विचारणा होईल, वुकादिन म्हणाले. होऊ दे, मी म्हटलं, माझ्याकडे उत्तर आहे.

रांको बाहेर बाकावर बसला होता. मी अहवाल त्याच्या हातात दिला. त्याने तो वाचलाही नाही. इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाली का ती?"

"अजून तुझ्या बापाचंच चाललंय," मी म्हणाले. "तुझी पाळी यायची आहे. समोर बस आणि ऐक."