ओरडण्याची अक्षरं

अक्षरवाल्या काकांना इंग्रजी बोलायचं धाडस जन्मात झालं नाही, पण इंग्रजी ओरडण्यावर मात्र त्यांनी संसार केला. म्हणजे ओरडायची त्यांची बायको. काका ते कागदावर उतरवायचे.

मुलांच्या इंग्रजी चित्रकथांत बोलणाऱ्याच्या तोंडाशी जो फुगा असतो, त्यातली अक्षरं हाताने काढायचं त्यांचं काम. संवाद लिहून यायचे, पण कोणी जिन्यावरून गडगडला की लेखक महाशय 'इथे किंचाळतो' एवढं खरडून मोकळे. आता इंग्रजीत माणूस किंचाळतो कसा? शब्दकोशात असले शब्द औषधालाही नसायचे. 'आऊ'ला डब्ल्यू किती लावायचे, 'वोआ'तला एच कुठे बसवायचा, सगळा आनंदीआनंद. मग काका स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारायचे, "अगं, पायावर हातोडा पडला!"

भांडी घासता घासता काकू अशी बोंब ठोकायच्या की समोरच्या घरातला माणूस खिडकीत यायचा. गल्लीत त्यांना भोंगाच म्हणत. काका ऐकू आलं तसं लिहायचे. बोंब लांबली की ओ वाढवायचे, शेवटी घसा खरवडला की जी आणि एच जोडायचे.

"आणखी एकदा," काका म्हणायचे.

"अहो, शेजारी पोलीस बोलावतील!" असं म्हणून काकू दुप्पट मोठ्याने ओरडायच्या, आणि दोघंही हसून बेजार व्हायची. ते दिवस आठवले की काकांना अजून भरून यायचं.

पुढे काकूंच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता आतून टाळी ऐकू आली की समजायचं, चहा झालाय. असा दिवस येईल म्हणून तो आवाज टेप करून ठेवावा, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. भोंगा कोण जपून ठेवतो?

अशात ती जुनी पुस्तकं पुन्हा छापायचं ठरलं आणि प्रकाशनातली नवी संपादक मुलगी पानं घेऊन घरी आली. पानोपानी लाल शाई.

"काका, रागवू नका हं," ती म्हणाली. "एकच किंकाळी चार ठिकाणी चार तऱ्हांनी लिहिलीय. हल्ली यांची स्पेलिंगं साधारण ठरलेली असतात. तुम्ही हो म्हणालात की सगळी एकसारखी करून टाकते."

पोरगी उगाच बोलत नव्हती, हे काकांना कळत होतं. पण लाल रेघ मारलेली एकेक किंकाळी त्यांना ऐकू येत होती. ही सर्दी झाली होती तेव्हाची. ही धाकटी पोटात असतानाची, मध्येच दम लागलेली. बायकोचा आवाज या पानांखेरीज आता कुठेच उरला नव्हता.

"चुका असतील गं," ते म्हणाले. "पण तो हिचा आवाज आहे. ऐकला तसा लिहिलाय. तू एकसारखा केलास तर..."

मुलीने दारात उभ्या असलेल्या काकूंकडे पाहिलं. काकूंनी हात झटकला. करू दे तिला, काय एवढं, असा.

मुलगी मात्र पेन हातात धरून तशीच बसली. मग तिने एका फुग्यावर बोट ठेवलं आणि चाचरत, लिहिलं होतं तसं वाचलं. सगळे ओ, सगळे डब्ल्यू, पण आवाज असा, जणू कोणी झोपेत कूस बदलतंय.

काकूंनी कपाळावर हात मारला. तरातरा येऊन समोर बसल्या आणि हात वर केला. अजून मोठ्याने. मुलीने पुन्हा वाचलं. काकूंनी हात आणखी वर नेला, शेवटच्या जी-एचवर बोट आपटलं आणि स्वतःचा गळा खरवडून दाखवला. तिसऱ्या खेपेला मुलीने डोळे मिटले आणि लाज सोडून, पायावर खरंच हातोडा पडल्यासारखी बोंब ठोकली.

काका जागच्या जागी थिजले. काकूंचे खांदे गदगदत होते; त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

समोरची खिडकी धाडकन उघडली. "काय हो," म्हातारा शेजारी ओरडला, "भोंगा सुरू झाला वाटतं परत?"

काकूंनी मुलीच्या हातातलं लाल पेन काढून घेतलं, त्याला टोपण लावलं, पुढचं पान तिच्यासमोर सरकवलं आणि पुन्हा हात वर केला.