कोरी सत्यप्रत

कार्यालयातून आलेल्या उमेंद्रने पिशवीतून चार कागद काढून अंजनाच्या पुढ्यात ठेवले. चारही कोरे होते. खालच्या कोपऱ्यात तेवढा 'सत्यप्रत' असा जांभळा शिक्का आणि त्यावर साहेबांची लफ्फेदार सही.

"आणि ह्याच्यावर तुमची सही लागते ताई," पाचवा कागद पुढे करत तो म्हणाला. "बस, एकच."

पाचवा कागद टाइप केलेला होता. 'सोबतचा अहवाल माझे वडील कै. ताराचंद यांनी स्वहस्ते लिहिला असून त्यात त्यांनी कार्यालयाच्या संकेतस्थळाबद्दल पूर्ण समाधान व्यक्त केले आहे.'

अंजनाने तो दोनदा वाचला. बाबांना जाऊन सव्वीस दिवस झाले होते.

ताराचंद जन्मापासून दृष्टिहीन. आधी भंडाऱ्याला आणि जिल्हा वेगळा झाल्यावर गोंदियाला, अशी एकतीस वर्षं त्यांनी सरकारी कार्यालयातल्या टेलिफोनवर काढली. निवृत्त होऊन फुलचूरच्या घरी बसल्याला तीन वर्षं झाल्यावर कार्यालयाने त्यांना पुन्हा बोलावलं. संकेतस्थळ नवीन होत होतं. ज्यांना दिसत नाही त्यांनाही ते वापरता आलं पाहिजे, असा वरून आदेश होता, आणि ते खरंच वापरता येतं का हे दृष्टिहीन माणसानेच तपासून द्यायचं होतं. बाबा आठ दिवस ऑटोने गेले. कानाला हेडफोन लावून, पडद्यावरचं वाचून दाखवणारा तो यंत्राचा आवाज ऐकत बसायचे आणि ब्रेलच्या पाटीवर टोच्याने एकेक ठिपका पाडत लिहायचे. शेवटच्या दिवशी कार्यालयाने शाल-श्रीफळ दिलं. घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "चांगली माणसं आहेत." पुढच्याच आठवड्यात झोपेत गेले.

"कोऱ्या कागदांबद्दल सही?" अंजनाने विचारलं.

"कोरे नाहीत जी. झेरॉक्स मारली तर उठलंच नाही. नुसते उठावाचे टिपके, मशीनले काय समजते?"

"आणि शिक्का मारणाऱ्याला समजलं?"

उमेंद्र हसला. "साहेबांनी असली कागद पाहूनच मारला."

"काय लिहिलंय त्यात?"

"ते कोण वाचनार इथं? बुधवारी तपासणीचं पथक येऊन राहिलं. फाइल पुरी पायजे."

"मग समाधान व्यक्त केलं हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"बाबूजी खूश होते न. शाल घेतली, चहा पेले. नाराज मानूस चार पानं लिहिते का?"

अंजनाच्या मनात पाल चुकचुकली. हा पोरगा गोड बोलतो, नजरेला नजर देत नाही, आणि चार पानांचा अर्थ एका ओळीत स्वतःच सांगून मोकळा होतो. पण त्याच्यावरच्या संशयापेक्षा दुसराच एक संशय तिला जास्त टोचत होता. खरंच बाबांनी तसं लिहिलं असलं तर? एकतीस वर्षं ज्या दाराला सलाम केला, त्या दाराने शाल पांघरवल्यावर म्हातारा माणूस विरघळला असला तर? बाबांच्या नावाखाली खोटं जाऊ द्यायचं नाही हे तिने ठरवलं होतं. ते खोटं बाबांचंच निघालं तर काय करायचं, हे मात्र ठरत नव्हतं.

"मूळ कागद कुठे आहेत?"

"फाइलले."

"उद्या येते मी."

"तुमी कायले तरास घेता ताई?" तो पटकन म्हणाला. जरा जास्तच पटकन. कोऱ्या प्रती त्याने उचलायला घेतल्या, तेव्हा अंजनाने त्यांच्यावर हात ठेवला.

"ह्या राहू द्या माझ्याकडे. आणि तो टाइप केलेलाही."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ग्रंथालयातून अर्धी सुट्टी टाकून ती कार्यालयात गेली. उमेंद्र म्हणाला, फाइल साहेबांकडे आहे. अर्ध्या तासाने म्हणाला, कपाटात आहे, किल्ली नाही. आवक-जावकच्या टेबलावर अल्काबाई बसल्या होत्या. बाबांच्या वेळच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या.

"कोनती फाइल? ती साइटवाली?" त्या म्हणाल्या. "ती तं कालपासून त्याच्याच खुर्चीखाली आहे."

उमेंद्रने मुकाट्याने फाइल काढली. बाबांचे चार जाड कागद तिथे होते. फाइलला लावताना पंचिंग मशीनने समासाजवळचे ठिपके खाल्ले होते, आणि चारही पानं पालथी लागलेली होती, खळगे वर आणि उठाव खाली. अंजनाने टॅग सोडून पानं काढली आणि सुलटी केली.

"उलटे काऊन करता?"

"उलटे तुम्ही लावलेत."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुमाले येते हे?"

"सातव्या वर्षापासून." बाबा बोटांनी वाचायचे, ती डोळ्यांनी. चोरून वाचतेस, म्हणायचे.

ती मनात वाचू लागली, आणि दुसऱ्या ओळीनंतर मोठ्याने.

"यंत्राचा आवाज पहिल्या पानावर सात वेळा नुसतं 'चित्र' म्हणतो. कशाचं चित्र, ते सांगत नाही. पेन्शनचा अर्ज पूर्ण भरला. शेवटी चित्रातली अक्षरं ओळखून लिहा म्हणतो. ती मी कुठून ओळखू? तीन वेळा इथंच अडकलो. चौथ्या वेळी उमेंद्रने हात पुढे करून अक्षरं स्वतः टाकली आणि म्हणाला, झालं. झालेलं नाही. घरी माझ्याजवळ उमेंद्र नसतो."

अल्काबाईंची लेखणी थांबली. उमेंद्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता.

चौथ्या पानाच्या तळाशी होतं, "मदतीसाठी दिलेला नंबर माझ्या जुन्या टेबलाचा आहे. रोज जेवणाच्या सुट्टीत लावून पाहतो. वाजतो. कोणी घेत नाही. शाल दिली. नाकारणं बरं दिसलं नसतं. शालीचा या अहवालाशी संबंध नाही."

अंजनाने पान खाली ठेवलं. थोडा वेळ तिला काही दिसेना. मग तिने पर्समधून मोबाइल काढला आणि तो नंबर लावला. व्हरांड्याच्या टोकाला, कापड घातलेल्या टेबलावर, फोन वाजू लागला. कुणी उठलं नाही.

"वाजतच असते तो," अल्काबाई म्हणाल्या. "राँग नंबर असन म्हनून कोनी उचलत नाही."

"ताई," उमेंद्र हलक्या आवाजात म्हणाला, "माझी नोकरी ठेक्यावर आहे. हे फाइलले लागलं तर पथकासमोर माझीच मान जाते. साहेबांनी सांगतलं तसं केलं मी."

खरं असेलही. नसेलही. तिला बाबांचं वाक्य आठवत होतं. आवकला चढलं नाही, ते सरकारला कुणी सांगितलंच नाही.

तिने त्या चार कोऱ्या सत्यप्रती काढल्या, अल्काबाईंच्या टेबलाचा कोपरा मागून घेतला आणि ठिपक्यांवरून साध्या अक्षरांत लिहायला सुरुवात केली. ओळीला ओळ, पानाला पान.

"त्याच्यावर नका लिहू जी," उमेंद्र कळवळला. "शिक्का मारेल आहे."

"म्हणूनच लिहिते."

जिथे पंचिंग मशीनने अक्षरं खाल्ली होती तिथे तिने रिकामी जागा सोडली, अंदाजाने काही भरलं नाही. मग पाचवा कागद घेतला. 'समाधान' असलेली अर्धी ओळ खोडली. 'कै.' खोडून वर 'कालकथित' लिहिलं. आमच्या घरात कुणी कैलासाला जात नाही, असं बाबा म्हणायचे. मग सही केली.

अल्काबाईंनी पानं उलटून पाहिली, शिक्के पाहिले. "प्रत साहेबांची, सही साहेबांची. मी कोन नाही म्हननारी?" त्यांनी आवकचा ठसा मारला, रजिस्टरात नोंद केली आणि पोच फाडून दिली. ती दोनदा घडी करून अंजनाने पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

बुधवारी पथक येऊन गेलं. त्यांनी काय पाहिलं, कुणाला काय विचारलं, तिला कळलं नाही. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, बाबांच्या वेळेला, तिने मोबाइलवरून नंबर लावला. तिसऱ्या घंटीला कुणीतरी उचलला.

"बोला जी," उमेंद्रचा आवाज आला.

ती ऐकत राहिली. मग फोन ठेवला. माझा नंबर ओळखीचा झाला म्हणूनच उचलला असेल, तिला वाटलं.

शुक्रवारी तिने शाळेच्या फोनवरून लावला.