अदलाबदलीचा बिल्ला

आमचं स्टेशन बघायला लोक लांबून येतात. गाडीत बसायचं नसलं तरी येतात, घुमटाखाली माना वर करून उभे राहतात आणि फोटो काढतात. त्या घुमटात वर जाणारा गोल दगडी जिना आहे. एका दुपारी जिन्याच्या पायथ्याशी सराफाचा माणूस मरून पडलेला सापडला. डोकं फुटलेलं, दागिन्यांची बॅग गेलेली आणि मुठीत हमालाचा पितळी बिल्ला, पट्टा तुटलेला.

बिल्ल्यावरचा नंबर माझ्या जावयाचा होता.

पोलिसांनी त्याला घरातून उचललं. माझ्या मुलीचे दिवस भरत आलेले, म्हणून तो आपली दुपारपाळी सोडून तिच्या उशाशी बसला होता. पण बायकोची साक्ष कोण धरतो? "बिल्ला हरवला होता," एवढंच तो बोलला. मग तोंडाला कुलूप.

मी त्याच स्टेशनात बायकांच्या वेटिंग रूमची झाडलोट करते. हे कुलूप कशाचं ते मला ठाऊक होतं. सकाळपाळीच्या बिल्ल्याला पांढरा पट्टा असतो, दुपारपाळीच्या निळा. ज्याला दोन्ही पाळ्या ओढायच्या असतील, तो दुसऱ्या पाळीतल्या, घरी राहिलेल्याचा बिल्ला हमालांच्या खोलीतल्या खिळ्यावरून काढून दंडाला बांधायचा आणि त्याच्या जागी आपला अडकवायचा. कोण कुणाचा बिल्ला लावून फिरतो, हमाल बघायचेसुद्धा नाहीत. नियमात मात्र हे बसत नव्हतं. साहेबांना कळलं असतं तर अख्ख्या टोळीचं लायसन गेलं असतं. म्हणून जावई गप्प.

म्हणजे खून करणाऱ्याचा बिल्ला जावयाच्या खिळ्यावर असायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडू घेऊन हमालांच्या खोलीत शिरले. खिळा रिकामा.

"मावशी, बायकांची वेटिंग रूम पलीकडे," उंट म्हणाला. टोळीत सगळ्यात उंच, म्हणून उंट. कुणी हसलं नाही.

"ह्या खिळ्यावरचा बिल्ला कुणी काढला?"

मुकादमाने चहाचा पेला खाली ठेवला. "मी. पोलीस दारात होते. उचलला आणि गटारात टाकला. त्यांना सापडला असता तर अदलाबदल उघडी पडली असती. सगळ्यांची पोटं आहेत, मावशी. तुझ्या जावयाला मी चांगला वकील देतो."

"वकील सोडवेल त्याला?"

"प्रयत्न करेल."

"नंबर कुणाचा होता?"

"बघायला फुरसत होती का?"

सगळ्यांच्या माना खाली. मी दारापर्यंत गेले आणि थांबले. बिल्ला गटारात गेला, तर इथे कुणाचा तरी दंड रिकामा असणार. मी एकेकाचा दंड बघत गेले. कोपऱ्यात मुकादमाचा मेहुणा घोंगडी पांघरून बसला होता.

"ताप आलाय त्याला," मुकादम म्हणाला.

"मी विचारलं का?"

मी घोंगडीला हात घातला. त्याने मला असं ढकललं की माझा खांदा भिंतीवर आपटला. घोंगडी मात्र माझ्याच हातात राहिली. दंडावर बिल्ला नव्हता, मनगटापासून कोपरापर्यंत नखांचे ताजे ओरखडे होते. तो दाराकडे धावला. दारात उंट आडवा झाला.

"थांब रे. तापात वाऱ्यावर जाऊ नये."

"उंटा, बाजूला हो!" मुकादम ओरडला. "ह्याला धरून दिलंस तर उद्या तूही घरी बसशील. सगळेच बसाल."

उंट हलला नाही. "काल तू म्हणालास, सगळ्यांच्या पोटासाठी टाकला. मेहुण्याच्या गळ्यासाठी टाकला असं नव्हतं म्हणालास."

"बायकोला काय तोंड दाखवू मी?"

"आणि आम्ही ह्या मावशीला काय दाखवायचं?"

मग बाकीचे उठले. मेहुण्याला दोघांनी धरलं, मुकादमाला कुणी हातही लावला नाही, तो आपणहून मागे चालू लागला. घुमटाखालून आमची वरात गेली तेव्हा फोटो काढणाऱ्यांनी आमचेही काढले.

चौकीत फौजदाराने सगळं ऐकून घेतलं. "बिल्ल्यांचंही लिहावं लागेल मला. समजतंय ना?"

"लिहा," उंट म्हणाला.

दागिन्यांची बॅग मेहुण्याच्या अंथरुणात सापडली. संध्याकाळच्या आत साहेबांनी टोळीचं लायसन रद्द केलं.

दोन दिवसांनी जावयाला सोडलं तेव्हा मी चौकीबाहेर बाकावर बसले होते. त्याची दाढी वाढलेली, एक डोळा सुजलेला. फलाटावर प्रवासी आपापल्या ट्रंका ओढत होते. तो ते बघत उभा राहिला.

"मामी, सगळ्यांचं काम गेलं?"

"गेलं."

"मी तुम्हाला सांगितलं होतं का जायला?"

"नाही."

"उंटाला चार पोरं आहेत."

"माहीत आहे. घरी चल. तिला सकाळपासून कळा येतायत."

तो माझ्याकडे न बघता चालू लागला. थोडं पुढे गेल्यावर मात्र त्याने माझा दुखरा खांदा बघितला आणि हातातली पिशवी काढून घेतली.