कललेली पोर

कंपनीच्या पाळणाघराच्या भिंती गुडघ्यापर्यंत आल्या, तेव्हा नकाशा काढणाऱ्या बाई टेप घेऊन आल्या. खिडक्यांवरून त्यांचं आणि मिस्त्रींचं रोज वाजायचं. खिडकी तीन फुटांवर घ्यायची, असा मिस्त्रींचा हात बसलेला, तर बाईंचा हट्ट, पोरांना उभ्या उभ्या बाहेर दिसलं पाहिजे.

"जिवंत पोर आणा मापाला," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी नातीला हाक मारली. सात वर्षांची. आईबाप इथंच विटा वाहत, धाकटा भाऊ दिवसभर हिच्या कडेवर. म्हणून सगळे तिला आजीबाई म्हणत. बाळाला खाली ठेवून ती भिंतीशी उभी राहिली.

"सरळ उभी राहा, बाळा."

"उभी तर आहे."

बाईंनी तिचे खांदे सारखे केले. हात काढताच पोर पुन्हा डावीकडे कलली.

"शाळेत जातेस?"

"नाव आहे. पण हा रडतो ना."

सूतभर कललेली भिंत मिस्त्रींनी कधी उभी राहू दिली नव्हती. घरातली पोर वर्षभर कलत होती, ती त्यांना दिसली नव्हती.

संध्याकाळी त्यांनी विषय काढला. सून म्हणाली, "मग ह्याला कोण बघणार, मामंजी? मी तीन भावंडं वाढवली. पोरीच्या जातीला हे चुकतं का?"

"चुकवलं तर चुकतं."

सकाळी त्यांनी नातीला शाळेत सोडलं. दारातून वळून पाहिलं, तर ती बाकावर तिरकीच बसली होती. डावा हात रिकाम्या कमरेशी तसाच वाकवलेला.

बाळ कडेवर घेऊन ते कामावर आले, तसा एक गवंडी हसला. "मिस्त्री, बाळंत कधी झालात?"

"काल. साठी उलटल्यावर जमलं."

दुपारपर्यंत त्यांच्या कमरेला कळ लागली. चाळीस वर्षं विटा उचललेली कंबर. बाई आल्या तेव्हा ते भिंतीला टेकून उभे होते.

"बाई, एक खोली वाढवा. विटा वाहणाऱ्यांच्या पोरांसाठी. ती आधी बांधू, मग तुमच्या खिडक्या."

"मालक ऐकणार नाहीत, मिस्त्री. आणि काम अडवलंत तर तुम्हालाच काढतील."

"काढू देत. पण त्याआधी त्यांना इथं बोलवा." मिस्त्रींनी बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "अर्धा दिवस ह्याला कडेवर घेऊन उभं राहू देत. मग नाही म्हणू देत."