दम्याचा प्रत्यय

"आई, आज तरी तोंड बंद ठेव," गाडी चालवता चालवता मी म्हणाले. "सायटेशनचा आकडा मोठा आहे ना, मग झालं. लोकांनी लेखात तुझं नाव कशासाठी घेतलं ते कोण विचारतंय?"

"विचारायला हवं," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली.

झालं, माझं डोकं फिरलं. निवृत्ती तोंडावर आलेली, प्रोफेसरपदाची ही शेवटची मुलाखत, आणि आमच्या बाईसाहेब निघाल्यात स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला.

आई भाषाशास्त्रज्ञ. तरुणपणी ती डोंगरातल्या एका वस्तीवर जाऊन राहिली होती. तिथली जुनी भाषा बोलणारी एकच म्हातारी उरली होती, आई तिला मावशी म्हणायची. मावशीच्या काही वाक्यांच्या शेवटी 'हं' असा आवाज यायचा. टेप ऐकून ऐकून आईने शोध लावला की हा प्रत्यय आहे. बोलणाऱ्याने जे स्वतः सोसलंय, त्यालाच तो लागतो. लेख गाजला. पुढे एका संशोधकाने त्याच टेप ऐकल्या आणि दाखवून दिलं की ती नुसती धाप आहे. मावशीला दमा होता. स्वतःची कर्मकहाणी सांगायला लागली की तिला श्वास पुरायचा नाही.

तेव्हापासून आई पाठ्यपुस्तकांत आहे, चुका कशा होतात त्या प्रकरणात. पोरं पेंगायला लागली की शिक्षक 'दम्याचा प्रत्यय' काढतात. नंतर तिने मावशीच्या भाषेचा शब्दकोश केला, जीव ओतून केला. तो कुणी उघडूनही पाहिला नाही. पण संगणकाला काय कळतंय? कुणी लेखात नाव घेतलं की सायटेशन वाढलं, मग ते नावाजायला घेतलेलं असो की नावं ठेवायला. त्या हिशेबाने आई विभागात पहिली.

मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकावर मी बसले. शिपाई चहा देऊन गेला आणि दार अर्धवट उघडं राहिलं.

"मॅडम, एवढी सायटेशन्स आमच्यापैकी कुणाची नाहीत," समितीचे अध्यक्ष म्हणाले. "गुपित काय?"

"गुपित कसलं, सर. त्यातले बहुतेक जण मला चूक ठरवतात. आणि त्यांचं बरोबर आहे."

"अरेच्चा, म्हणजे दम्याचा प्रत्यय तो तुमचा?"

"माझाच."

आत सगळे हसले. मी मनात म्हटलं, बास कर आता, नमस्कार कर आणि ऊठ.

"पण चूक तेवढीच नव्हती," आई म्हणाली. "त्या बाईला माझ्यासमोर धाप लागत होती आणि मी म्हणत होते, मावशी, तेच वाक्य पुन्हा म्हणा. ती म्हणायची. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणायची. त्याच थंडीत ती गेली. डॉक्टर आणायचं मला सुचलंसुद्धा नाही. इतक्या जणांनी माझी चूक लिहिली, पण ही कुणी लिहिली नाही."

आत कागद सारखे केल्याचा आवाज आला.

"ठीक आहे, मॅडम. कळवू आम्ही."

कळवू म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायला नको. मी बँकेत आहे, रोज लोकांना तेच सांगते.

परत येताना मी रागारागाने नुसती हॉर्न वाजवत होते. घराजवळ आल्यावर म्हणाले, "मनात होतं तर मला सांगायचंस. त्या परक्यांना कशाला?"

"तू म्हणाली असतीस, जाऊ दे गं आई."

खरं होतं. मी अगदी हेच म्हणाले असते, वर टीव्हीचा आवाज वाढवला असता.

लिफ्ट बंद होती. मी तरातरा वर निघाले. दुसऱ्या मजल्यावर मागे वळून पाहिलं तर आई कठडा धरून उभी.

"तू हो पुढे. मी येते सावकाश... हं."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. तिला हसू आलं, पण हसायलाही दम पुरेना.

पुन्हा म्हण, हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते, थट्टेतच. ते मी गिळले. खाली उतरून तिच्या हातातली पिशवी घेतली, तिला पायरीवर बसवलं, आणि शेजारी बसले.

"उद्या डॉक्टरकडे जायचं," मी म्हणाले.

"बरं."

मग तिचा श्वास जागेवर येईपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.